डिझेल इंजिनाचे तेल आणि सात दुचाकी: इंदूरच्या एका औषध वितरकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या जुन्या भागात राहणारे एक मराठी कुटुंब दोन पिढ्यांपासून औषधांच्या ठोक वितरणाचा व्यवसाय करते. शहरातील दुकाने, राऊ, महू, पीथमपूर आणि आठवड्यातून दोनदा सिमरोलमार्गे थेट बडवाहपर्यंत माल पोचवावा लागतो. त्यासाठी त्यांच्याकडे डिझेलवर चालणारी दोन छोटी मालवाहू वाहने, सहा मोटरसायकली आणि एक स्कूटर आहे. मोटरसायकलींपैकी दोन नव्या असून त्यांची वॉरंटी अजून संपलेली नव्हती. दोन पाच-सहा वर्षांच्या आहेत आणि उरलेल्या दोन बऱ्याच जुन्या, १५० सीसीच्या आहेत. या लेखात दुचाकींना पहिली ते सातवी असे क्रमांक दिले आहेत. सातवी म्हणजे स्कूटर. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

गाड्यांची देखभाल एका वयस्कर मिस्त्रीकाकांकडे आहे, ते आठवड्यातून एकदा गोदामावर येतात. त्यांच्या पद्धतीनुसार दर ३,००० किलोमीटरला प्रत्येक दुचाकीचे तेल बदलले जाई आणि कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल बाटलीतून आणले जाई. त्याच गोदामात मालवाहू वाहनांसाठी १५डब्ल्यू-४० प्रतीचे (हे आकडे तेलाच्या दाटपणाचे), एपीआय या अमेरिकी संस्थेच्या सीआय-४ दर्जाचे डिझेल इंजिनाचे तेल २० लिटरच्या बालटीत येत असे.

श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात दुचाकींच्या तेलाच्या बाटल्या संपल्या आणि बालटी मात्र नुकतीच आली होती. व्यवसायाची सूत्रे अलीकडेच हाती घेतलेल्या धाकट्या मालकांनी बालटीवरचा मजकूर वाचला. तिथे सीआय-४ च्या पुढे तिरकी रेघ देऊन एसएल असे छापले होते. एस हे अक्षर पेट्रोल इंजिनांच्या तेलासाठी असते हे त्यांना माहीत होते आणि दुचाकीच्या जुन्या बाटलीवरही एसएल हेच लिहिलेले होते. त्यांनी मिस्त्रीकाकांना सांगितले, "काका, दोन्हीकडे एकच दर्जा आहे, मग दोन प्रकारची तेलं कशाला ठेवायची?" काकांनी नकार दिला, पण त्यांचे कारण चुकीचे होते. "दादा, डिझेलचं तेल पेट्रोलच्या इंजिनात टाकलं की इंजिन बसतं," असे ते म्हणाले. मालकांनी बालटीवरचे एसएल दाखवले आणि काका गप्प झाले. दोन दिवसांत सातही दुचाकींमध्ये तेच तेल ओतले गेले.

या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा वळणबिंदू हाच होता आणि पुढे जे घडले त्याचे मूळ तेलापेक्षा या संवादात अधिक आहे. काकांचा हात योग्य ठिकाणी अडखळला होता, पण त्यांनी दिलेले कारण खोडून काढता येण्यासारखे होते. मालकांनी कारण खोडले आणि त्याबरोबर शंकाही खोडली गेली असे धरून चालले.

मूळ प्रश्न काय होता

मालकांचा तर्क इंजिनापुरता बरोबर होता. सीआय-४ आणि एसएल असे दोन्ही दर्जे छापलेले तेल पेट्रोल इंजिनाच्या बेअरिंगना, पिस्टनला आणि कॅमला पुरेसे संरक्षण देते. डिझेल तेलात काजळी धरून ठेवणारी आणि घाण धुऊन काढणारी रसायने अधिक असतात, झीज रोखणारा जस्त-फॉस्फरसचा घटकही भरपूर असतो, आणि १५डब्ल्यू-४० तेलाचा थर तापलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० पेक्षा जाड राहतो. इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी ही गोष्ट वाईट म्हणता येणार नाही. '१५डब्ल्यू' या आकड्याची काळजी तर इथे करण्याचे कारणच नाही, कारण तो दर्जा उणे २० अंशांवर इंजिन फिरण्याची चाचणी घेऊन ठरतो आणि माळव्यातल्या कडक थंडीतही पारा त्याच्या जवळपास जात नाही.

मात्र मोटारगाडी आणि मोटरसायकल यांत एक मूलभूत फरक आहे. मोटारगाडीत इंजिनाचे तेल फक्त इंजिनात फिरते, क्लच कोरडा असतो आणि गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते. भारतात चालणाऱ्या बहुतेक मोटरसायकलींमध्ये तेच एक लिटर तेल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरते, आणि क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात. इंजिनाला घर्षण कमी हवे असते, तर क्लचला ते ठराविक प्रमाणात हवेच असते. एसएल हा दर्जा पहिल्या गरजेबद्दल बोलतो. दुसरीबद्दल तो काहीच सांगत नाही.

दुसऱ्या गरजेसाठी जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस जासो या वाहन-मानक संस्थेचे टी ९०३ हे वेगळे मानक तयार झाले. त्या काळात मोटारगाड्यांच्या तेलात इंधन वाचवण्यासाठी घर्षण घटवणारी रसायने वाढू लागली होती आणि ती तेले मोटरसायकलीत घातल्यावर क्लच घसरण्याचा धोका होता. या मानकात क्लचच्या घर्षणाची प्रत्यक्ष चाचणी घेतली जाते. फिरतानाचे घर्षण, थांबलेल्या स्थितीतले घर्षण आणि प्लेटा एकमेकींना पकडायला लागणारा वेळ, असे तीन निर्देशांक काढले जातात. त्यांवरून तेलाला एमए किंवा एमबी असे नाव मिळते. एमएचे पुन्हा एमए१ आणि एमए२ असे भाग आहेत, त्यांपैकी एमए२ सर्वांत घट्ट पकड देणारा. एमबी हे कमी घर्षणाचे तेल असून ते स्कूटरसाठी चालते, कारण पट्ट्यावर चालणाऱ्या स्कूटरचा क्लच इंजिनाच्या तेलाबाहेर असतो.

याचा अर्थ असा नव्हे की एमए न छापलेल्या तेलात क्लच घसरतोच. जड डिझेल वाहनांच्या तेलात घर्षण घटवणारी रसायने सहसा घालत नाहीत, म्हणूनच अमेरिकेत अनेक मोटरसायकलस्वार वर्षानुवर्षे शेलचे रोटेला हे डिझेल तेल वापरत आले आहेत आणि त्याच्या काही प्रकारांवर जासो एमएचा उल्लेखही असतो. गोदामातल्या बालटीवर तो नव्हता. म्हणजे क्लचबाबत ते तेल चाचणीत बसते की नाही हे बालटी सांगत नव्हती, आणि प्रयोग करायचाच तर तो बेताने करायला हवा होता.

(जाता जाता: डिझेल इंजिनाची मोटरसायकलही आपल्याकडे विकली गेली आहे. एनफिल्डची टॉरस ती. मिस्त्रीकाकांनी तरुणपणी एक दुरुस्त केली होती आणि या चर्चेत ते तिची आठवण वारंवार काढत, पण तिचा इथल्या प्रश्नाशी संबंध नाही.)

अडचण कशी दिसू लागली

पहिले काही दिवस सगळे खूश होते. जुन्या १५० सीसी गाड्यांचा खडखडाट कमी झाला आणि गिअर मऊ पडू लागले. दोन-तीनशे किलोमीटरमध्येच तेल काळे झाले तेव्हा चालकांना चिंता वाटली. पण तेलातील धुणाऱ्या रसायनांनी जुनी घाण सोडवून स्वतःत धरून ठेवली होती, हेच त्याचे कारण असावे. तेल काळे झाले म्हणजे ते वाया गेले असे होत नाही. चिंता करायचीच तर अशा वेळी सुटलेला गाळ तेलाच्या जाळीत अडकतो का, याची करावी.

नवरात्राच्या सुरुवातीला, म्हणजे साधारण दीड हजार किलोमीटर झाल्यावर, दोन तक्रारी लागोपाठ आल्या. तिसऱ्या क्रमांकाच्या गाडीचा चालक बडवाहहून परतताना चोरलच्या पुढे घाट चढत होता. मागे औषधांच्या रिकाम्या पेट्याच होत्या, तरी अॅक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज वाढे आणि गाडी मात्र तेवढीच चाले. दुसऱ्याच दिवशी सहाव्या क्रमांकाच्या गाडीची तीच कथा पीथमपूरच्या रस्त्यावरून आली. मिस्त्रीकाकांनी दोन्ही गाड्या चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगावर नेऊन एकदम अॅक्सिलरेटर उघडला आणि घसरण्याची खात्री केली. "मी म्हटलं होतं," असे ते म्हणाले, आणि गोदामातल्या सगळ्यांनी निष्कर्ष काढला की डिझेलचे तेल क्लच खाते.

याच सुमारास मला बोलावण्यात आले. दुचाकींच्या दुरुस्तीशी माझा अनेक वर्षांचा संबंध आहे आणि या कुटुंबाशी घरोबाही. मी पोचलो तोवर दोन्ही गाड्यांचे तेल काढून ओतून दिले होते. ही गोष्ट पुढे फार जाणवली.

तपास

सात दुचाकींत एकच तेल होते आणि त्यांतल्या दोनच घसरत होत्या, हे मला पहिल्यांदा खटकले. घसरण्याचे कारण तेल एवढेच असते, तर उरलेल्या चार मोटरसायकलींनीही थोडीफार लक्षणे दाखवायला हवी होती. (स्कूटर या हिशेबात धरायची नाही, तिचा क्लच तेलात नाही.) म्हणून आम्ही दोन्ही गाड्यांचे क्लच उघडले.

सहाव्या गाडीचे उत्तर लगेच मिळाले. तिच्या घर्षण प्लेटांची जाडी व्हर्नियर या मापकाने मोजली तेव्हा ती २.५ मिलिमीटर भरली. त्या मॉडेलसाठी २.६ मिलिमीटर ही बदलण्याची मर्यादा होती. शिवाय क्लचच्या दांड्याला जी मोकळीक ठेवावी लागते ती जवळजवळ शून्य होती, म्हणजे प्लेटा कधीच पूर्ण दाबल्या जात नव्हत्या. ही गाडी कोणत्याही तेलावर त्याच महिन्यात घसरली असती. नव्या तेलाने तिला काही दिवस आधी ढकलले असेल तर असेल.

तिसरी गाडी मात्र कोड्यात टाकणारी होती. तिच्या प्लेटा जवळपास नव्या, मोकळीक योग्य, स्प्रिंगा समान लांबीच्या. मी चालकाला विचारले की मधल्या काळात तेल कमी झाले होते का. तो म्हणाला, "हो दादा, ड्रेन नटातून पाझरत होतं, काकांना सांगितलं होतं." दोन दिवसांत सात गाड्यांचे तेल बदलण्याच्या घाईत जुनाच वॉशर पुन्हा बसवला गेला होता. मग तेल पुरे कशाने केले? याचे उत्तर गोदाम सांभाळणाऱ्या मुलाने दिले. बालटीला कुलूप होते म्हणून त्याने मालकांच्या पेट्रोल मोटारगाडीचा अर्धा उरलेला डबा काढून त्यातले सुमारे पाव लिटर ओतले होते. "ते तर जास्त महाग होतं," असे तो निरागसपणे म्हणाला.

तो डबा अजून फळीवर होता. ५डब्ल्यू-३० चे तेल, आणि एपीआयच्या गोल चिन्हाच्या खालच्या अर्ध्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' ही इंधन बचतीची ओळख छापलेली. ज्या तेलाच्या धास्तीने जासोचे मानक जन्माला आले त्याच जातीचे ते तेल होते, आणि एक लिटर तेल मावणाऱ्या गाडीत ते पाव लिटर गेले होते. तिसऱ्या गाडीच्या घसरण्याचे सर्वांत पटणारे कारण हेच आहे. सिद्ध मात्र ते करता आले नाही, कारण काढलेले तेल बाटलीभरसुद्धा ठेवलेले नव्हते.

समोर असलेले पर्याय

आता निर्णय गोदामाच्या मेजावर होता आणि चर्चा जवळजवळ दोन तास चालली. मालकांना वाटू लागले की डिझेल तेल निर्दोष ठरले, तेव्हा दोन गाड्या दुरुस्त करून तेच चालू ठेवावे. मिस्त्रीकाका सगळे बंद करण्याच्या बाजूने होते. मी दोघांनाही अर्धवट सहमत होतो, ही माझी जुनी खोड.

चालू ठेवण्याविरुद्ध मला क्लचपेक्षा राखेची अडचण मोठी वाटत होती. डिझेल तेलातील धुणारी रसायने कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची असतात. इंजिनात जळलेल्या तेलातून त्यांची राख मागे राहते. जासो टी ९०३ मध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा १.२ टक्के आणि फॉस्फरसची ०.०८ ते ०.१२ टक्के आहे, आणि सीआय-४ दर्जाची अनेक तेले राखेच्या या मर्यादेच्या वर असतात. तेल न खाणाऱ्या इंजिनात याने फारसे बिघडत नाही. पण पाचव्या क्रमांकाची जुनी गाडी तेल खात होती आणि तिच्या स्पार्क प्लगवर दीड हजार किलोमीटरमध्येच करड्या राखेचा खरबरीत थर दिसत होता. दुसरीकडे, २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या दोन नव्या गाड्यांमध्ये सायलेन्सरात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर आहे. फॉस्फरस आणि राख यांचे थर त्या कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतात. त्याची किंमत एका तेलाच्या बालटीशी तोलण्यासारखी नाही, आणि वॉरंटीचा दावा करताना पुस्तिकेबाहेरचे तेल ओतलेले असणे मालकांनाच अडचणीत आणणार होते.

बचतीचा हिशेबही कागदावर मांडला. वर्षाला सात दुचाकींना सुमारे ४० लिटर तेल लागते आणि त्या वेळच्या भावाने लिटरमागे दीडशे रुपयांच्या आसपास फरक पडत होता. म्हणजे साधारण सहा हजार रुपये. एका गाडीच्या क्लच प्लेटा, मजुरी आणि दोन दिवसांची खोळंबलेली फेरी यांत त्यातले दीड हजार आधीच गेले होते. मालक म्हणाले की पैशांपेक्षा त्यांना एकच बालटी हवी होती, कारण चार प्रकारचे डबे ठेवले की चुका होतात. हा मुद्दा मला पूर्णपणे पटला. तिसऱ्या गाडीत जे झाले ते चार डब्यांमुळेच झाले होते.

तेल बदलण्याची मुदत ५,००० किलोमीटरपर्यंत वाढवण्याची सूचनाही पुढे आली, कारण मालवाहू गाड्यांत हे तेल त्याहून जास्त चालते. ती मी तिथेच थांबवली. मालवाहू गाडीत तेलाचा साठा दुचाकीच्या कित्येक पट असतो आणि तेलाला गिअरच्या दातांमधून दळून निघावे लागत नाही. मोटरसायकलीत ते दळले जाते, तेलाचा दाटपणा टिकवणारे पॉलिमर तुटतात आणि ४० नंबरचे तेल ३० नंबरच्या जवळ सरकू शकते.

केलेली कार्यवाही

शेवटी ठरले ते असे. पाच मोटरसायकली आणि स्कूटर पुन्हा पुस्तिकेतल्या प्रतीवर आणायच्या, फक्त पाचव्या गाडीला जासो एमए२ चिन्हाचे थोडे जाड २०डब्ल्यू-४० द्यायचे. हे तेल एकाच ठोक विक्रेत्याकडून सीलबंद, वर्कशॉपसाठीच्या मोठ्या डब्यात घ्यायचे. सुटे तेल घ्यायचे नाही, कारण त्यात काय आहे हे सांगायला कोणतेच चिन्ह नसते. डिझेल तेलाची उरलेली बालटी मालवाहू गाड्यांकडे गेली. मालकांच्या मोटारगाडीचा डबा गोदामातून घरी हलवला. तिसऱ्या गाडीचे तेल पहिल्यांदा ५०० किलोमीटरवर आणि मग पुन्हा नेहमीच्या मुदतीला बदलले. सगळ्या ड्रेन नटांना नवे वॉशर बसवले आणि सर्व गाड्यांची तेलाची जाळी काढून पाहिली. दोन जुन्या गाड्यांच्या जाळीत खरोखरच काळा गाळ साचलेला होता.

चौथी गाडी मात्र आम्ही जाणूनबुजून डिझेल तेलावरच ठेवली. ती जुनी आहे, तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, ती तेल खात नाही आणि तिच्या प्लेटा मध्यम झिजलेल्या होत्या. मिस्त्रीकाकांना हे रुचले नाही. "मग एवढं बोलून उपयोग काय?" असे त्यांनी विचारले. त्यावर मी सांगितले की एका गाडीवर नजर ठेवल्याशिवाय हा वाद पुढच्या श्रावणात पुन्हा उकरला जाईल. गाडीच्या टाकीखाली लाल रंगाची पट्टी चिकटवली आणि वहीत तिचे वेगळे पान केले.

काय वेगळे करता आले असते

सातही गाड्यांचे तेल एकाच दोन दिवसांत बदलणे ही मोठी चूक होती. दोन गाड्यांवर सुरुवात केली असती आणि पाच जुन्या तेलावर ठेवल्या असत्या, तर नवरात्रात आलेल्या तक्रारींचा अर्थ पहिल्याच दिवशी लागला असता. प्लेटांची जाडी आणि क्लचची मोकळीक आधी मोजली असती, तर सहावी गाडी तेलाच्या खात्यात लिहिलीच गेली नसती. काढलेले तेल एका स्वच्छ बाटलीत, गाडीचा क्रमांक घालून ठेवले असते, तर तिसऱ्या गाडीबद्दल मी आज 'सर्वांत पटणारे कारण' इतक्यावर थांबलो नसतो.

माझ्याकडूनही एक चूक झाली. मी मोटारगाडीच्या डब्याबद्दल चालकाला आणि मुलाला सगळ्यांसमोर विचारले. मुलगा खरे बोलला हे आमचे नशीब. नंतर आठवडाभर तो कोणत्याही डब्याला हात लावायला घाबरत होता, आणि एका गाडीचे तेल खरोखर कमी झालेले असताना त्याने ते पुरे केले नाही.

परिणाम आणि चौथ्या गाडीची नोंद

तिसऱ्या गाडीचा क्लच दुसऱ्या तेलबदलानंतर घसरणे थांबला, प्लेटा बदलाव्या लागल्या नाहीत. सहाव्या गाडीला नव्या प्लेटा बसवल्या आणि ती ठीक चालते. पाचव्या गाडीच्या प्लगवरचा थर पुढच्या तपासणीत कमी होता, पण तेल खाण्याचे मूळ दुखणे रिंग आणि व्हॉल्व्ह सीलमध्ये आहे आणि त्याचा खर्च मालकांनी पुढे ढकलला आहे. इंधनाच्या नोंदवहीत तेलबदलाने पडलेला फरक शोधला, तर तो पंपावर टाकी काठोकाठ भरली की किंचित कमी भरली या फरकातच बुडून जातो.

चौथ्या गाडीने या काळात डिझेल तेलावर ९,००० किलोमीटर पूर्ण केले, दर ३,००० ला तेल बदलून. सुरुवातीला तिच्या प्लेटा २.८ मिलिमीटर होत्या. परवा मिस्त्रीकाकांनी स्वतः क्लच उघडून व्हर्नियर लावला आणि तीन वेळा मोजले. २.८. त्यांनी आकडा वहीत लिहिला, खाली सही केली, आणि गाडी पुन्हा बंद करताना मला विचारले की लाल पट्टी आता काढायची का. मी अजून एका तेलबदलापर्यंत ठेवायला सांगितले आहे.